पूर कधी ओसरला?

सांगली

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

सांगलीच्या पुरांवरचा तुझा अहवाल दोनदा वाचला. पहिल्यांदा नुसता कौतुकानं, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे तू नीट लावले आहेस. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांची तुलनाही मुद्देसूद आहे. पण शेवटाकडं एका वाक्याशी मी अडले. 'पाणी 45 फुटांच्या खाली गेले आणि पूर ओसरला.' हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. माणसं हलवायची कधी, बोटी काढायच्या कधी हे ठरवायला प्रशासनाला अशी रेघ लागतेच, तिला मी नावं ठेवत नाही. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा सखल भागातल्या बायका त्या रेघेची वाट बघत नाहीत. इशारा पातळी जवळ आली की त्यांची गाठोडी बांधून होतात. त्यांचा पूर तुझ्या तक्त्याच्या आधी सुरू होतो. मग तो संपतो कधी?

2005 च्या पुरानंतर आम्हा शिक्षकांनाही पाहणीच्या कामाला लावलं होतं. नदीकाठच्या एका गावात मी तलाठ्यांबरोबर फिरत होते. पाणी उतरून बरेच दिवस झाले होते, रस्ता कोरडा होता. एका बाईला मी विचारलं, "तुमच्याकडचं पाणी कधी गेलं?" ती म्हणाली, "घरातलं गेलं बाई, रानातलं अजून हाय." तिच्या मागं मी रानात गेले. वरून जमीन उघडी दिसत होती. तिनं हळदीचं एक झाड धरून ओढलं, ते सहज हातात आलं. खालचा गड्डा काळा पडून मऊ झालेला, त्याला कुजका वास. शेजारच्याच बांधाला ऊस उभा होता. त्याचा शेंडा पाण्याच्या वर राहिला होता म्हणून तो तगला. शेंडा बुडून पोंग्यात गाळाचं पाणी गेलं असतं तर तोही गेला असता. एकाच बांधाच्या अलीकडं आणि पलीकडं पुराचे दोन वेगळे हिशोब होते. हळदीवालीच्या दृष्टीनं जमिनीला वाफसा येईपर्यंत पूर चालूच होता.

आता माझी चूक सांगते. ती रान दाखवणारी बाई आणि तिचा नवरा ती जमीन खंडानं करत होते. सातबारा पुण्यात राहणाऱ्या मालकाच्या नावावर होता. मी कागद बघून मालकाचं नाव लिहिलं आणि पुढच्या घराकडं वळले. बी, खत, भांगलणीची मजुरी, सगळं त्या दोघांचं गेलं होतं आणि माझ्या यादीत ती दोघं कुठंच नव्हती. यादीत खोटं काही नव्हतं, प्रत्येक रकाना बरोबर भरलेला होता. सातबाऱ्याला जमिनीचा मालक दिसतो. त्या कागदाच्या नजरेनं मी गाव बघितलं, म्हणून मलाही तेवढंच दिसलं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा यादी वर गेलेली होती. आजही हळद बघितली की मला ती बाई आठवते.

म्हणून तुला आधी विचारते, तू कुठं उभी राहून हा अहवाल लिहिलास? तुझं घर विश्रामबागेत, चढावर. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हाही तुमच्या दारात आलं नाही. तुमच्याकडं पूर आला तो गावभागातल्या मावशीच्या कुटुंबाच्या रूपानं, आणि रस्ते मोकळे होऊन मावशी परत गेली तेव्हा तो गेला. यात तुझा काही दोष नाही. पण 45 फुटांची रेघ तुला इतकी सहज का पटली, ते यातून कळतं. प्रस्तावनेत हे चार ओळींत लिही. वाचणाऱ्याला तुझी जागा कळली की तुझे आकडे कसे वाचायचे तेही कळेल.

शीर्षकाबद्दलही बोलायचं आहे. 'पूरग्रस्त सांगली जिल्हा' असं तू म्हटलंयस. 2019 च्या पुराच्या त्याच ऑगस्टमध्ये जिल्ह्यातल्याच दुष्काळी जत आणि आटपाडीकडं टँकर चालू होते. तिथली मुलगी तुझं मुखपृष्ठ वाचेल तेव्हा तिला काय वाटेल? 'कृष्णा-वारणा काठ' एवढंच म्हण, ते खरंही होईल.

यावरून 'ज्याचं त्याचं आपापल्या जागी बरोबर' असं लिहून मोकळी मात्र होऊ नकोस. आळसानं सर्वांत जास्त लिहिलं जाणारं वाक्य आहे ते. पुलाजवळची पातळी बघणाऱ्याप्रमाणं बदलत नाही. कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं याची नोंद असते. छतावर बसलेल्या माणसाला पाणी किती वेगानं चढलं ते कुठल्याही इंजिनिअरपेक्षा चांगलं माहीत असतं, पण ते का चढलं हे त्याला तिथून दिसत नाही. वरच्या घाटात किती पाऊस पडला, धरणाखालच्या मोकळ्या क्षेत्रातून किती पाणी आलं, हे छतावरून कसं दिसणार?

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरचं तुझं प्रकरण मी याच नजरेनं वाचलं. त्या धरणामुळं पाणी मागं तुंबतं, या फुगवट्याचा राग आपल्याकडं घराघरात आहे. 2019 च्या पुरानंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला या पुराचं कारण मानलं नाही आणि इथल्या अनेक अभ्यासकांना ते पटलं नाही. तू दोन्ही बाजू मांडल्यास, पण दोन्ही सांगलीत बसून. एकदा बागलकोटला मनानं जाऊन ये. जुन्या बागलकोटचा मोठा भाग त्याच धरणाच्या पाण्यात गेला, माणसं नवनगरात जाऊन राहिली. पाणीसाठ्याची पातळी 519.60 वरून 524.256 मीटरवर न्यायची म्हटलं की आपल्याला पुलावरचं पाणी दिसतं. विजापूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाट दिसतो, आणि काठावरच्या गावांना आणखी एक स्थलांतर. एवढं समजून घेतल्यावरही फुगवट्याचं गणित तुला मांडावंच लागेल. पण तेव्हा ते कुणाकुणासमोर मांडते आहेस हे तुला माहीत असेल, आणि तू जास्त काळजीनं मांडशील.

हरिपूरच्या पेवांवर तू एकच ओळ लिहिलीस याचं मला वाईट वाटलं. अरुंद तोंडाची, जमिनीत खोल खणलेली ती हळदीची कोठारं. उतरण्याआधी आत कंदील सोडून बघायचे. तो विझला तर माणूस खाली जायचा नाही. 2005 ला त्यांत पाणी शिरलं आणि पुढं बराचसा माल गोदामांकडं गेला. व्यापाऱ्याचं नुकसान पोत्यांत मोजता येतं आणि ते तू मोजलंस. पण पेव भरणाऱ्या, त्यातली हवा ओळखणाऱ्या माणसाचं काय गेलं, ते तुझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसेल? नवा रकाना काढावा लागला तर काढ.

येत्या रविवारी सकाळी ये. पुलाच्या या टोकाशी न भेटता सांगलीवाडीच्या बाजूला भेटू, म्हणजे शहर पलीकडच्या काठावरून दिसेल. तिथून पूल चालत ओलांडू आणि मग हरिपूरला, संगमावर जाऊ. पेवात उतरलेले एक-दोन म्हातारे माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना 'किती फूट' असं विचारू नकोस, 'पाणी कशाला लागलं होतं' असं विचार. देवळीला, पायरीला, पिंपळाच्या पाराला, ते सांगतील तसं लिहून घे. फुटांत आपण नंतर बसवू.

पाण्याची बाटली आण. चप्पल साधी घाल, काठाला चिखल असेल.

तुझ्या,
बाई