बी.ई. सिव्हिलनंतर दोन वर्षं साइट केली, आता एम.टेक. करावं का? शाखा कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की बी.ई. होऊन दोन वर्षं झाली, साइट इंजिनिअर आहात, पगार बेताचा आहे. स्ट्रक्चरला एम.टेक. करायचं मनात आहे, पण सोबतचे म्हणतात, ‘दोन वर्षं घालवून पुन्हा इथेच याल.’ मीही दोन वर्षं साइट करूनच एम.टेक. केलं, जिओटेक्निकलमध्ये, म्हणजे माती आणि पायाच्या शाखेत. माझं उत्तर असं की साइटवर एखादा प्रश्न तुम्हाला अडला असेल आणि तो डोक्यातून जात नसेल, तर नक्की करा आणि शाखा त्या प्रश्नावरून ठरवा. तसा प्रश्न अजून भेटला नसेल तर आणखी एक पावसाळा साइटवर काढा.

पावसाळा मुद्दाम म्हणते, कारण माझा प्रश्न पावसानेच उभा केला. मराठवाड्यात एका वसतिगृहाच्या कामावर होते. तीन मजली इमारत आणि भोवती कंपाउंड वॉल. मे महिन्यात भिंत झाली, प्लास्टर झालं, बिलही निघालं. सप्टेंबरमध्ये भिंतीला तिरप्या भेगा दिसायला लागल्या. लेव्हल लावून पाहिलं तर भिंतीचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा वर! भिंत खचली असती तर कळलं असतं, ही उचलली गेली होती. शेजारची इमारत मात्र ठणठणीत. कुणी सिमेंटला दोष दिला, कुणी गवंड्याला. सॉइल रिपोर्ट माझ्याच टेबलावर होता. सेफ बेअरिंग कपॅसिटी, म्हणजे जमीन सुरक्षितपणे पेलेल तो भार, दर चौरस मीटरला १२ टन, आणि भिंतीचा भार त्याच्या निम्माही नव्हता. मग भिंत फुटली कशी, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना.

घरी हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, ‘काळीत कुणी भिंत घालतं का?’ आपल्या जुन्या गावांत काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, हे तुम्हीही ऐकलं असेल. घरं पांढरीवर, नांगर काळीत. आता पांढरी भरली, ले-आउट काळीत उतरले, आणि आपण ड्रॉइंग मात्र तेच वापरतो. आजीचं म्हणणं बरोबर होतं, पण का बरोबर होतं ते मला हवं होतं. गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा, फॉर्म मी त्या आठवड्यात भरला.

उत्तर मिळालं ते पहिल्या सेमिस्टरला, एका अगदी साध्या टेस्टमध्ये. भट्टीत वाळवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घालायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. दुसऱ्या दिवशी पाहायचं. त्या साइटवरची माती मी पोत्यात भरून नेली होती. रॉकेलमध्ये ती ११ मिलिलिटरवर बसली, पाण्यात २१ पर्यंत चढली. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी ओढून घेतं आणि फुगतं. रॉकेल ते ओढत नाही. बेअरिंग कपॅसिटीचा आकडा सांगतो की माती किती भार खाली पेलेल. ती वर किती रेटेल हे त्या रिपोर्टमध्ये कुणी विचारलंच नव्हतं. तीन मजल्यांच्या वजनाने इमारतीखालची माती दाबून धरली होती, शिवाय इमारतीचा पाया खोल मुरमात होता. भिंत हलकी आणि उथळ, म्हणून तीच उचलली गेली.

पुढे वाचताना कळलं की हा प्रश्न आपल्याकडच्याच लोकांनी किती खोलवर खणलाय. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी काळी माती आणि बांधकाम यांच्या मध्ये न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर द्यायची पद्धत काढली. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ती वापरली गेली आणि नंतर कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी भारतीय मानकातही आली. त्यातली मेख अशी की थरात चिकटपणा हवा. आम्ही साइटवर बिनदिक्कत वाळू भरत होतो. रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने याच मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, रुळवले. पाइलच्या तळाशी साधारण अडीच पट व्यासाचा फुगवटा असतो, आणि ओल-सुकीचा खेळ जिथे पोचत नाही त्या खोलीवर तो मातीला धरून बसतो. हे सगळं बी.ई.च्या पुस्तकात चार ओळींत होतं. मी त्या पाठही केल्या होत्या. पण उचललेली भिंत डोळ्यांनी पाहून आल्यावर त्याच चार ओळी मी वेगळ्या वाचल्या.

लॅबमधलं काम संथ असतं, त्याची तयारी ठेवा. भाराखाली माती किती आणि कशी दबते हे पाहणाऱ्या कन्सॉलिडेशन टेस्टमध्ये ६० मिलिमीटर व्यासाची, २० मिलिमीटर जाडीची मातीची चकती असते. एक भार ठेवला की २४ तास थांबायचं, मग दुप्पट, पुन्हा २४ तास. भार ठेवल्या क्षणापासून पाव मिनिट, एक मिनिट, सव्वादोन, चार असं, माती किती दबली ते दाखवणारं डायल गेज वाचत बसायचं. एका नमुन्याला आठवडा सहज जातो, आणि मधेच कुणाचा टेबलाला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून. साइटवर ‘उद्या स्लॅब आहे’ या घाईची सवय असते. पहिला महिना मला हे फार जड गेलं. नंतर याच संथपणाने मला आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही ते शिकवलं.

आता तुमच्या स्ट्रक्चरबद्दल. शाखा उत्तम आहे, पण ईटॅब्स किंवा स्टॅड ही डिझाइनची सॉफ्टवेअरं शिकायला म्हणून घेऊ नका, त्याला दोन-तीन महिन्यांचा कोर्स पुरतो. तुम्ही रोज कॉलमच्या सळ्यांभोवतीच्या रिंगा तपासता ना? हुक १३५ अंशांत वाकवलाय की ९० मध्ये, यावरून बार बेंडरशी वाद होतच असेल. भूकंपात कॉलमचं कव्हर, म्हणजे सळ्यांवरचं बाहेरचं काँक्रिट, निघून पडलं की ९० अंशांचा हुक उघडतो, १३५ चा आतल्या काँक्रिटमध्ये रुतून राहतो. हे का, कुठवर, किती हेलकाव्यांपर्यंत, असं कुतूहल वाटत असेल तर स्ट्रक्चर तुमचंच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला वरच्या भागात, जिथे त्याच्या पाठीचा उतार एकदम बदलतो तिथे, तडे गेले. जगभरचे संशोधक आपली गणितं तपासायला आजही कोयनेची उदाहरणं सोडवतात. आपल्या साताऱ्यातलं धरण परदेशी शोधनिबंधात दिसलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं.

परीक्षा आणि पैसे. गेटमध्ये तीन तासांत ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे आणि सुमारे १३ गणिताचे, म्हणजे पाव पेपर सिव्हिलच्या बाहेरच सुटतो. नोकरी करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. आकडा टाइप करायच्या प्रश्नांना उणे गुण नसतात, तो एकही रिकामा सोडू नका. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे यंदा परीक्षा देऊन पुढच्या वर्षी प्रवेश घेतला तरी हरकत नाही. एनआयटी, म्हणजे आपलं नागपूरचं व्हीएनआयटीसुद्धा, सीसीएमटी या सामायिक प्रवेशप्रक्रियेतून. राज्यातली कॉलेजं सीईटी सेलमधून. आयआयटींचे अर्ज वेगवेगळे भरावे लागतात. गेट असेल तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन, दोन वर्षं. आमच्या वेळी ते उशिरा यायचं, म्हणून चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच राजीनामा द्या. गेटशिवायही काही ठिकाणी प्रवेश मिळतो, पण विद्यावेतन नाही, आणि कर्ज काढून करण्यासारखी ही पदवी मला वाटत नाही.

पगाराचं खरं सांगते. बाहेर पडल्यावर माझा पगार साइटच्या दीडपट होता, म्हणजे दोन वर्षांत सोबत्यांना जी बढती मिळाली तिच्या थोडाच वर. काम मात्र पूर्ण बदललं. पूर्वी मी रिपोर्ट फायलीला लावायचे, आता माती तपासायचे बोअर कुठे घ्यायचे आणि कोणत्या टेस्ट लावायच्या हे मी ठरवते. एमपीएससीच द्यायची असेल तर त्यासाठी एम.टेक. लागत नाही. इंजिनिअरिंगच्या पदवी कॉलेजात शिकवायचं असेल तर लागतं.

शेवटची गोष्ट गाइडची, आणि ती मी कॉलेजच्या नावाच्याही वर ठेवेन. फॉर्म भरण्याआधी एखाद्या साध्या वारी, सुट्टी टाकून, त्या विभागाच्या लॅबमध्ये जा. ट्रेमध्ये ओली माती आहे का, डायल गेजवर धूळ साचलीय का, क्यूब टेस्टिंग मशिनशेजारी ताजा भुगा पडलाय का, हे बघा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, सर शेवटचे लॅबमध्ये कधी आले होते. आणि लॅब असिस्टंटशी नक्की बोला. कोणतं मशिन चालतं आणि कोणतं तीन वर्षं बंद आहे, हे त्यांना जितकं माहीत असतं तितकं कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.