टेबल सॉला बिडाची विंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (धायरी): माझा १० इंची पात्याचा टेबल सॉ आहे, टेबल बिडाचं (ओतीव लोखंडाचं) आणि खोली २७ इंच. टेबल रुंद करणाऱ्या बाजूच्या पत्र्याच्या विंग काढून दुसऱ्या कंपनीची १० इंच रुंद बिडाची विंग आणली. तीन भोकांपैकी मधलं जुळतं, बाकीची दोन साधारण ३ मिमीनं चुकतात. मधल्या बोल्टवर टांगून पाहिली तर बाहेरची कड १ मिमी खाली जाते. बोल्ट जोरात आवळले तर वर येईल का?

उत्तर: नाही, आणि तसं करूही नका. पत्रा ओढला की वाकतो, बीड तडकतं. बहुधा बोल्टाजवळचा कान आधी जातो. कान वाचला तर ताण मुख्य टेबलाच्या कडेवर येतो, ती किंचित पिळते आणि मग माइटरची खाच (आडवा काप घेताना माइटरची पट्टी जिच्यात सरकते ती) पात्याला समांतर राहत नाही. बोल्टचं काम धरून ठेवायचं. विंग लेव्हलला आणण्याचं काम सांध्याच्या दोन उभ्या कडांचं आहे, म्हणून सगळी मेहनत तिथं घ्यायची.

सॉचा प्लग काढा. मुख्य टेबलाची आणि विंगची उभी कड टर्पेंटाइननं पुसून उजेडात तिरकी बघा. रंगाचा ओघळ, ग्रीसचा थर, मशिनिंगची बारीक बर (कडेला उरलेला धातूचा धारदार कंगोरा), यांतलं काही ना काही जवळजवळ प्रत्येक नव्या विंगवर सापडतं. कानस कडेवर सपाट धरून बर घासा. कोपरा मात्र गोल करू नका, नाहीतर वरून फट दिसेल आणि त्यात भुसा बसेल. पुष्कळदा कडेचा अर्धा झुकाव इथेच निघतो.

आता भोकं. मुख्य टेबलातल्या आट्यांना हात लावायचा नाही, जे करायचं ते विंगमध्ये. एम८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टला विंगमध्ये ९ मिमीचं भोक असेल तर अर्धा मिमी खेळ आधीच असतो. उरलेल्या अडीच मिमीसाठी भोक चुकलेल्या दिशेनं गोल कानशीनं आडवं लांबवा. ओतीव पृष्ठभागाची साल कडक असते आणि नव्या कानशीचे दात खाते, म्हणून आधी छोट्या ग्राइंडिंग दगडानं साल काढा. आतलं बीड मऊ असतं, कानस सहज चालते. लांबट भोकावर साधा पातळ वायसर आत दबतो. ३ मिमी जाड आणि २४ मिमी व्यासाचा वायसर घाला, बोल्ट ८.८ ग्रेडचा घ्या.

विंग उचलायला दोघं लागतात. बिडाचं वजन घनसेंटिमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम. म्हणजे २५ × ६८.५ सेंमीचा ८ मिमी जाड नुसता पृष्ठभागच १० किलोच्या आसपास जातो, कडा आणि फासळ्या वेगळ्या. एकट्यानं गुडघ्यावर पेलून बोल्ट लावताना आटे तिरके बसतात. त्यापेक्षा ५० × २५ मिमीच्या ॲल्युमिनियम बॉक्स सेक्शनचे सुमारे ९०० मिमीचे दोन तुकडे टेबलावर आडवे टाका, एक पुढे, एक मागे. दोन्ही मुख्य टेबलाला शिकंज्यांनी पक्के करा, मग विंग खालून त्यांना टेकवून तिलाही शिकंजे लावा. सेक्शन आधी तपासा: टेबलावर ठेवून बाजूनं पेन्सिलीची रेघ मारा, उलटवून त्याच रेघेला लावा. रेघ जुळली नाही तर तो तुकडा या कामाचा नाही.

तिन्ही बोल्ट हातानं फिरतील इतके लावा. समोरची कड मुख्य टेबलाच्या समोरच्या कडेशी मिळवा, कारण फेन्सची (कापताना लाकूड टेकवायच्या पट्टीची) रेल तिथं बसते. पुढचा बोल्ट अर्धवट आवळा, सांध्यावरून बोटाचं नख फिरवा. नख अडलं तर लाकडी ठोकळा ठेवून मोगरीनं हलकेच ठोका. मग मधला, शेवटी मागचा. विंग सांध्यापाशी वर राहता कामा नये. खाली ०.१ मिमी राहिली तर चालेल, पण वर राहिलेल्या कडेला पुढे सरकणारं प्लायवूड अडतं आणि फेन्सपासून सुटतं.

सेक्शन काढल्यावर बाहेरची कड अजून झुकत असेल तर शिम, म्हणजे सांध्यात घालायची पातळ चकती. कड खाली असेल तर शिम बोल्टांच्या रेषेखाली घालायची, कड वर असेल तर रेषेवर. उलटं केलं तर दोष दुप्पट होतो. किती जाड, ते हिशोबानं काढा. सांध्याची उंची ४० मिमी आणि विंगची रुंदी २५० मिमी धरली, तर तळाशी घातलेली ०.१ मिमीची शिम बाहेरची कड ०.६ मिमी उचलते. तुमच्या १ मिमीला ०.१६ मिमी लागेल, म्हणजे ०.१ आणि ०.०५ची पितळी शिम एकावर एक. पितळी शिम नसेल तर शीतपेयाच्या ॲल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, तोही चालतो. कागद किंवा मास्किंग टेप नको. ते दबतात, आणि दोन महिन्यांनी कड पुन्हा खाली येते. शिम प्रत्येक बोल्टाच्या थेट खाली, दोन सेंमी रुंद पुरते.

बोल्ट शेवटी आवळताना एम८ला २० ते २५ न्यूटन-मीटर खूप झालं. आतले आटे निदान १२ मिमी धरले पाहिजेत. मग पातं आणि माइटरची खाच डायल गेजनं तपासा, पुढच्या आणि मागच्या दातात ०.१ मिमीहून जास्त फरक नको.

प्रश्न (चिंचवड): एम८ बोल्ट तीन-चार वळसे जातो आणि अडकतो. टॅप मारू का?

उत्तर: थांबा. तुमच्या सॉला बहुधा ५/१६ इंची, इंचाला १८ आट्यांचे बोल्ट आहेत. व्यास ७.९४ मिमी असल्यामुळे एम८ शिरतो, पण आट्यांचं अंतर १.४१ मिमी आणि एम८चं १.२५, म्हणून काही वळशांनी जाम होतो. पान्यानं रेटलात तर बिडातले आटे भुगा होऊन पडतील. मूळ बोल्ट खिशात घालून रविवार पेठेत बोहरी आळीत जा आणि आट्याला आटा लावून घ्या.

प्रश्न (कोथरूड): विंगला भोकंच नाहीत. घरी मारता येतील?

उत्तर: येतील. खरी अडचण खुणेची असते. एम८ बोल्टचं डोकं कापा, टोक ग्राइंडरवर अणकुचीदार करा, मागच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरसाठी हॅकसॉची खाच पाडा. असे तीन करून टेबलाच्या भोकांत टोक २ मिमी बाहेर राहील इतके फिरवा. विंग वर सांगितल्याप्रमाणे शिकंज्यांवर लेव्हलला धरा आणि बाहेरून मोगरीचा एक ठोका द्या. तीन ठिपके उमटतील, तीच भोकांची केंद्रं. केंद्र कडेपासून १४ मिमीच्या आत येत असेल तर ती विंग तुमच्या सॉची नाही.

४ मिमीचं आधी, मग ९ मिमीचं. वेग मिनिटाला ६०० ते ७०० फेरे, तेल-पाणी काही नाही. बिडात ग्रॅफाइट असतो, ते कोरडंच कापायचं. तेल घातलं की भुग्याचा लगदा होतो आणि ड्रिल घासत राहतं. पलीकडे निघताना जोर कमी करा, नाहीतर भोकाची कड ढलपा होऊन उडते. काळा भुगा मोटरजवळ राहू देऊ नका.

प्रश्न (भोसरी): विंग आडवी सरळ आहे, पण एक कोपरा वर दिसतो.

उत्तर: हा पीळ आहे. विंगच्या दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून डोळा पट्टीच्या पातळीला आणा. फरक ०.३ मिमीपर्यंत असेल तर तिन्ही बोल्टांना वेगवेगळ्या जाडीची शिम घालून निघतो. अर्ध्या मिमीच्या वर असेल तर परत करा. ओतीव काम पुरेसं न मुरवता मशिनिंग केलं की असं होतं. परत घेत नसतील, तर तुमच्याच एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंगला द्या. मात्र विंग चुंबकी टेबलावर ओढून सरळ होऊ नये म्हणून खाली शिम घालून धरायला सांगा, नाहीतर सुटल्यावर पीळ परत येतो.

प्रश्न (वारजे): पावसाळ्यात विंगवर तांबूस डाग पडतात.

उत्तर: बारीक स्कॉच-ब्राइटनं एकाच दिशेनं घासा, टर्पेंटाइननं पुसा, पेस्ट वॅक्सचे दोन हात द्या. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी एक हात. गाडीचं सिलिकॉन असलेलं पॉलिश नको, ते लाकडावर उतरतं आणि मग तिथं पॉलिश धरत नाही. प्लॅस्टिकनं झाकू नका, खाली दमट हवा अडकते. सुती चादर पुरे.

प्रश्न (हडपसर): साइटवर न्यायच्या ॲल्युमिनियम टेबलाच्या सॉला अशी विंग बसेल का?

उत्तर: बसवू नका. पातळ ॲल्युमिनियमची कड हा भार धरत नाही आणि घडीचा स्टँड त्या बाजूला कलंडतो. १८ मिमी प्लायवूडला लॅमिनेट लावून बाहेरच्या कडेला दोन पाय द्या, तुमचं काम भागेल.