कावेरीकाठी कॅमेरा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दिवाळी आटोपली की म्हैसूर, हंपी, चेन्नईकडच्या सहलींचे बेत सुरू होतात आणि या सदराच्या टपालात पाणपक्ष्यांची गर्दी होते. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती बहुतेक उत्तरांत डोकावणार आहे: फ्रेम भरून पक्षी टिपण्याचा हट्ट जरा सैल करा. चित्रबलाकाचा (गुलाबी छटेच्या मोठ्या करकोच्याचा) ओळखपत्रासारखा फोटो भिगवणलाही मिळतो. नदीच्या मधोमध खडक, त्यावर पसरलेली मगर आणि तिच्या डोक्यावरच्या फांदीत घरटं, हे सगळं एका चौकटीत हवं असेल तर कावेरीच गाठावी लागते.

जानेवारीअखेर कुटुंबासह म्हैसूरला जात आहोत. रंगनतिट्टूला किती वेळ ठेवावा? सकाळ बरी की संध्याकाळ? (पुणे)

अर्धा दिवस ठेवा, आणि शक्यतो दुपारनंतरचा. कावेरीतल्या बेटांवरचं हे पक्षी अभयारण्य सूर्योदयाला उघडत नाही, त्यामुळे पहाटेचा सोनेरी उजेड तुम्हाला बोटीतून मिळणारच नाही. सकाळी पहिली बोट धरलीत तरी ऊन वर चढत जातं. संध्याकाळी ते उतरत जातं आणि दर पाच मिनिटांनी चित्र सुधारतं. शेवटची बोट कधी सुटते ते मात्र आत शिरतानाच विचारून घ्या. मोठ्या लेन्सचं शुल्क वेगळं पडतं, तेही तिथेच कळेल.

सगळ्यांबरोबरच्या बोटीची फेरी छोटी असते, आणि शेजारच्या काकू नेमक्या तुमच्या चौकटीत उभ्या राहतात. छायाचित्रकारांसाठी वेगळी बोट मिळते. ती महाग आहे, पण चौघांनी मिळून घेतली तर परवडते. नावाडी वनखात्याचे असतात, कुठला पक्षी कुठल्या बेटावर बसतो हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्याकडून दोन गोष्टी मागा: सूर्य आपल्या पाठीशी ठेवा आणि वल्हं थांबवून बोट वाहू द्या. ‘स्वल्प निल्लिसी’ एवढं कानडी पुरतं.

जानेवारीअखेर म्हणजे विणीची लगबग. चित्रबलाक काटक्या वाहत असतात, चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी) आणि पेलिकनही घरट्यांच्या खटपटीत असतात. पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्च अधिक चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या कृष्णराजसागर धरणातून पाणी सोडलं की बेटं बुडतात आणि बोटी बंद पडतात. ही बेटंही मुळात माणसाच्या हातचीच आहेत. सतराव्या शतकाच्या मध्यावर कावेरीवर बंधारा घातला गेला आणि ती तयार झाली. पुढे सलीम अलींनी म्हैसूरच्या वाडियार राजांकडे आग्रह धरला आणि १९४० मध्ये या बेटांना अभयारण्याचं संरक्षण मिळालं.

बगळे आणि चमचे माझ्या फोटोंत नुसते पांढरे डाग दिसतात, पिसं दिसतच नाहीत. कॅमेरा बिघडलाय का? (कोल्हापूर)

कॅमेरा ठणठणीत आहे. तो फक्त आज्ञाधारक आहे. समोर जे दिसेल ते सरासरी मध्यम करड्या रंगाचं असणार, असं धरून तो उजेड मोजतो. गर्द हिरव्या झाडीपुढे पांढरा बगळा बसला की चौकटीचा बहुतेक भाग काळपट असतो. कॅमेरा तो काळोख उजळायला जातो आणि त्यात बगळ्याची पिसं जळून जातात. तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सोय, उणे दोन-तृतीयांश ते उणे एकवर आणा. उलट तोच बगळा फिकट आभाळापुढे उडाला तर कॅमेरा आभाळाला दबतो आणि पक्षी काळवंडतो. तेव्हा अधिक एक.

अडचण अशी की बोटीतून पक्षी आत्ता झाडीपुढे असतो आणि पुढच्या क्षणी आभाळापुढे. दर वेळी चाक फिरवत बसाल तर क्षण हातचा जाईल. अशा वेळी सरळ मॅन्युअल मोड वापरा, म्हणजे उजेडाचे सगळे आकडे स्वतः ठरवा. ऊन स्थिर असेल तर पक्ष्यावर पडणारा उजेड बदलत नाही, मागे झाडी असो की आभाळ. एखाद्या उन्हातल्या बगळ्यावर मापन जुळवा, स्क्रीनवर जळालेले भाग लुकलुकतात ती सोय चालू ठेवा आणि लुकलुकणं जेमतेम थांबेल तिथे आकडे बांधून टाका. ढग आला तरच परत हात लावा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ‘ऑटो’वर ठेवून मॅन्युअल वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या, तो मॅन्युअल नव्हेच; उजेडाचा निर्णय पुन्हा कॅमेऱ्याच्याच हातात जातो.

दुसरी युक्ती पक्षी निवडण्याची. मुग्धबलाक (मिटल्यावरही चोचीत फट राहणारा करकोचा) विणीच्या दिवसांत पांढरा असतो, एरवी करडट; करडा असताना तो फार सोपं गिऱ्हाईक आहे. चित्रबलाकाच्या शेपटीकडची गुलाबी पिसं तर भर दुपारी पार धुऊन निघतात. ती गुलाबी हवी असेल तर उजेड तिरपा होईपर्यंत थांबा, नंतर संगणकावर रंग चढवू नका. चढवलेला गुलाबी लगेच ओळखू येतो.

७०–३०० मिमीची लेन्स आहे. ६०० ची भाड्याने घ्यावी का? (ठाणे)

रंगनतिट्टूच्या बोटीसाठी नको. घरटी इतकी जवळ येतात की ३०० मध्ये पक्षी भरून उरतो. तामिळनाडूतल्या वेडंतांगल पक्षी अभयारण्यात मात्र बंधाऱ्यावरून तलावातल्या झाडांकडे बघायचं असतं, तिथे ५००-६०० चा उपयोग होतो. घेतलीत तर निघायच्या आधी आठवडाभर घराजवळच्या कावळ्यांवर हात बसवा. आणि बोटीत ट्रायपॉड नेऊ नका. बोट हलली की तोही हलतो, वर जागा अडवतो. कोपरं बरगड्यांना टेकवून हातात धरा आणि शटर १/८०० सेकंदाहून हळू होऊ देऊ नका.

उडता पक्षी सापडतच नाही. मी कॅमेरा उचलेपर्यंत तो गेलेला असतो. (सांगली)

कारण तुम्ही तो उडाल्यावर कॅमेरा उचलता. पक्षी उडण्याआधी सांगतो. चित्रबलाक किंवा मोठा बगळा उडायच्या बेतात असला की अंग आवळतो, मान पुढे काढतो, पुष्कळदा आधी शिटतो. शिटला की बोट बटणावर ठेवा, पुढच्या काही सेकंदांत तो फांदी सोडण्याची शक्यता मोठी.

वारा बघा. मोठे पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. वारा तुमच्या पाठीवर लागत असेल तर पक्षी तुमच्या दिशेने येणार. तोंडावर लागत असेल तर दिवसभर शेपट्याच मिळतील. वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी, अशी जागा मिळाली की तिथून हलू नका, कितीही सुंदर पक्षी दुसरीकडे दिसू दे. विणीच्या दिवसांत तर चोचीत काटकी धरून येणारा पक्षी त्याच घरट्याकडे त्याच वाटेने पुन्हापुन्हा येतो. पहिली फेरी नुसती बघा. दुसऱ्या फेरीला त्या वाटेवर आधीच फोकस करून ठेवा. शटर १/२०००, फोकस सतत चालू राहणारा, आणि पक्ष्याच्या पुढे थोडी मोकळी जागा.

पाकोळ्या आणि भिंगऱ्यांच्या मागे सुरुवातीलाच लागू नका. रंगनतिट्टूच्या खडकांच्या कपारीत भिंगऱ्यांची मातीची घरटी दाटीवाटीने असतात, पण त्यांचं उडणं डोळ्यालाही सापडत नाही. कवड्या खंड्यापासून सुरू करा. तो पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, मग दगड टाकल्यागत खाली येतो. नदी सुरयही चोच खाली करून पाणी न्याहाळत हिंडतो आणि सूर मारतो. पाणकावळ्याचा भाऊबंद तिरंदाज मासा चोचीवर भोसकतो, हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. मान पाण्याबाहेर आली की बर्स्ट (एका दाबात फोटोंची सलग मालिका) सुरू करा.

कोकरेबेळूरला घरट्यांच्या अगदी जवळ जाता येतं म्हणतात. गच्चीवरून किंवा ड्रोनने पिल्लं टिपावीत का? (सोलापूर)

ड्रोन नाही. वनखात्याच्या परवानगीशिवाय अशा ठिकाणी तो उडवणं बेकायदा आहे, आणि परवानगी असती तरी मी नाहीच म्हटलं असतं.

मद्दूरजवळच्या या गावात पेलिकन आणि चित्रबलाक रानात नव्हे, लोकांच्या अंगणातल्या चिंचेवर आणि वडा-पिंपळावर घरटी करतात. विष्ठेचं खत शेतात जातं. पण घरट्यांसाठी राखलेल्या झाडाची चिंच उतरवता येत नाही, अंगणात मासळीचा वास भरून राहतो. गाव हे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलंय. २००७ मध्ये त्याला सामुदायिक राखीव क्षेत्राचा (कम्युनिटी रिझर्व्ह) दर्जा मिळाला, पण पक्षी टिकले ते गावकऱ्यांमुळे. तेव्हा कुणाच्याही गच्चीवर चढण्याआधी घरच्यांना विचारा, आणि फोटोत त्यांचं घर, त्यांची बैलगाडी, त्यांची माणसं येऊ द्या, अर्थात त्यांच्या संमतीने. उघड्या चोचीचं पिल्लू कुठेही टिपता येईल. चिंचेखाली भांडी घासणारी बाई आणि वर पंख पसरलेला पेलिकन हा फोटो कोकरेबेळूरचाच.

जवळ जाण्याचा धोका काय, तेही समजून घ्या. दुपारी चित्रबलाक पाठ उन्हाकडे करून पंख उघडतो आणि पिल्लांवर सावली धरतो. तुमच्यामुळे तो उठला तर ती पिल्लं थेट उन्हात पडतात आणि कावळे-घारी टपलेल्या असतातच. मोठे पक्षी मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागले की अंतर संपलं असं समजून दोन पावलं मागे या.

हंपीला तुंगभद्रेचे फोटो सपाट येतात. डोळ्यांना दिसते तशी नदी का येत नाही? (नाशिक)

बहुधा तुम्ही उभ्याने, डोळ्यांच्या उंचीवरून, दुपारी टिपता. खाली बसा. वाइड लेन्स पाण्यापासून हातभर उंचीवर आणा, म्हणजे पुढचा ओला दगड मोठा होतो, मागच्या टेकड्या आपोआप दूर जातात आणि खोली येते. विठ्ठल मंदिराकडून काठाकाठाने चालत आलात की पुढ्यात घेण्याजोगे खडक पावलोपावली आहेत. वेताच्या गोल टोपल्यांसारख्या होड्या, म्हणजे हरिगोलु, नदीत असतील तर एक दूरवर लहानशी राहू द्या. तिच्यामुळे त्या प्रचंड धोंड्यांचं माप कळतं.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर) नेत असाल तर पूर्ण फिरवू नका. पूर्ण फिरवला की पाण्यावरची चकाकी जाते, पण प्रतिबिंबंही जातात आणि नदी मेल्यासारखी दिसते. दगडांचा ओला रंग उजळेल आणि प्रतिबिंब अर्धं शिल्लक राहील तिथे थांबा. वाहत्या पाण्यासाठी १/४ सेकंद पुष्कळ. तीस सेकंदांत खळाळाचं धुकं होतं, आणि ते आता सगळीकडे बघून कंटाळा आलाय.

शिवनसमुद्रचे भरचुक्की, गगनचुक्की धबधबेही याच सहलीत हवेत असं काहींनी लिहिलंय. ते खरे फुगतात पावसाळ्यात, म्हणजे नेमके रंगनतिट्टूच्या बोटी बंद असतात तेव्हा. एका सहलीत एक निवडा.

फक्त मोबाइल आहे. जाऊन उपयोग आहे का? (बंगळूरु)

आहे. डिजिटल झूम विसरा आणि पक्षी ठिपक्याएवढा राहिला तरी चालेल असा देखावा शोधा. वेडंतांगलला संध्याकाळी थवे झाडांवर परततात तेव्हा स्क्रीनवरच्या आभाळावर बोट ठेवून एक्सपोजर (उजेड) खाली ओढा, बाह्यरेषा स्वच्छ येतात. त्या तलावाच्या रक्षणाचा हुकूम १७९८ चा आहे. पक्ष्यांच्या विष्ठेने सकस झालेलं पाणी शेतीला मिळतं, म्हणून गावकऱ्यांना गोऱ्यांच्या बंदुकांपासून पक्षी वाचवायचे होते. नोव्हेंबर ते मार्च जा. आणि चेन्नईच्या बाजूला दमट हवेत एसी खोलीतून थेट बाहेर पडू नका; लेन्सवर वाफ धरते. फोन किंवा कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवा, मग काढा.