३० टक्के दिले, पण पेन्शन नाकारली

हवालदार साहेब, तुमचं पत्र दोनदा वाचलं. भरतीला एकदम फिट, २४ वर्षं मराठा लाईट इन्फंट्रीत, मधेच दोन्ही पायांना व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या शिरा), २०१९ ला घरी येताना रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांनी, आयुष्यभरासाठी ३० टक्के अपंगत्व लिहिलं आणि खाली एक ओळ की आजाराचा नोकरीशी संबंध नाही, तेवढ्यावर डिसॅबिलिटी पेन्शन गेली. पहिलं अपील पण फेटाळलं आणि आता गावात सगळे म्हणतायत अपीलाची मुदत संपली, नाद सोडा. सोडू नका हो.

भांडण टक्क्यांचं नाहीच, पेन्शनला लागणाऱ्या २० टक्क्यांच्या वर आहात म्हणजे झालं. भांडण त्या एका ओळीशी आहे. सुप्रीम कोर्टानं २०१३ ला धरमवीर सिंग केसमधे सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारण लिहायला पाहिजे. नुसतं "कॉन्स्टिट्यूशनल" (म्हणजे मुळात शरीराच्या ठेवणीतलाच आजार) असा एक शब्द टाकला तर ते कारण होत नाही. म्हणून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाकून बोर्डाचे सगळे कागद मागवा, पोस्टिंगची यादी आणि पहिल्यांदा हॉस्पिटलला ॲडमिट झालात तेव्हाचा कागद पण. पाठीवर पिट्टू घेऊन तासन्‌तास उभं राहिलं की शिरांमधल्या झडपांवर काय ताण येतो ते कुठलाही सर्जन लिहून देईल.

मुदतीचं म्हणाल तर पेन्शनचं नुकसान दर महिन्याला नव्यानं होतं, त्यामुळे दावा मरत नाही, पण थकबाकी बऱ्याचदा मागच्या तीनच वर्षांची दिली गेलीय, म्हणजे तुम्ही जेवढे महिने घालवाल तेवढे कायमचे जाऊ शकतात. मला याचंच जास्त वाईट वाटतं, आपल्याकडचे कितीतरी जवान लाजेनं गप्प बसतात. दुसरं अपील आधी टाका, उशिराचं कारण लिहून, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैनिकांच्या नोकरी-पेन्शनच्या केसेसचं कोर्ट. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं तरी ही केस पहिल्यांदा मुंबईच्या ट्रिब्युनललाच जाते.

आणि जिंकलात तर ३० चे ५० धरा असं मागा, २०१४ च्या राम अवतार निकालानं तो हक्क नोकरीची मुदत पूर्ण करून आलेल्यांना पण आहे. शेवटचा पगार ४० हजार धरला तर महिना ३,६०० च्या जागी ६,००० होतात, वर महागाई भत्ता.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत घोट्याच्या वरची काळी पडलेली कातडी आणि ती न भरणारी जखम बघितली. ती ईसीएचएसला (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात) दाखवून या आठवड्यातच कागदावर नोंदवून घ्या, बँडेज घरी बांधत बसू नका.