अजून एकच एपिसोड: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ताई, रात्री दहाला एक एपिसोड बघून झोपू म्हणून बसते आणि घड्याळात बघते तर दीड वाजलेला. दर वेळी शेवटी असं काहीतरी दाखवतात की बंद करवतच नाही. नवरा म्हणतो तुला कंट्रोलच नाही. खरंच नाहीये का? आणि तुम्ही स्वतः काय बघता तेही सांगा, नुसता उपदेश नको.

उत्तर: उपदेश कुठल्या तोंडाने करू, मी पण त्याच पंथातली. कंट्रोल नाही म्हणणं सोपं आहे हो, पण तुम्ही उठू नये याचाच पगार घेणारी माणसं पलीकडे बसलीयेत. शेवटचं मिनिट मुद्दाम तसं लिहितात, बेल वाजते, दार उघडतं, बाई दचकते, आणि दारात कोण ते दिसायच्या आत नावं सुरू. युक्ती जुनीच आहे. १९८० च्या मार्चमध्ये 'डॅलस' या अमेरिकन सिरीयलने सीझनच्या शेवटी जे. आर. या मुख्य पात्राला गोळी घातली आणि कोणी घातली ते कळायला नोव्हेंबर उजाडला, तोवर लोक नुसते तर्क लढवत बसले. पण तेव्हा थांबवणारा टीव्हीच होता ना, एपिसोड संपला की संपला, झोपा आता. मग १ फेब्रुवारी २०१३ ला नेटफ्लिक्सने 'हाऊस ऑफ कार्ड्स'चे तेराच्या तेरा एपिसोड एकदम टाकले, आणि आता तर असंय की शेवटचा झटका तसाच ठेवलाय पण मधला आठवडा काढून टाकलाय, वर पुढचा एपिसोड आपोआप सुरू होतो, म्हणजे बघत राहायला काहीच करावं लागत नाही, थांबायला मात्र रिमोट शोधायला लागतो. तेव्हा पहिलं काम, सेटिंगमध्ये जाऊन ते ऑटोप्ले बंद करा.

दुसरं मी स्वतः करते ते सांगते, ऐकायला येडपट वाटेल. एपिसोडच्या शेवटी थांबायचंच नाही, मधे थांबायचं. पुढचा सुरू झाला की पाच-सात मिनिटांत दारातला माणूस कोण ते कळतं, बऱ्याचदा तो शेजारचाच निघतो, मग गोष्ट जरा सैल पडते, दोघं जण गाडीत बसून काहीतरी बोलत असतात, तिथे बंद. परवा मी एक सिरीज एका बाईने चावी शोधायला पर्स टेबलावर उपडी केली तिथे बंद केली आणि शांत झोपले. दुसऱ्या दिवशी लावलं तर पर्स तशीच उपडी, बाई अजून चावीच शोधतीये, माझं काय बिघडलं?

माझ्या आवडीचं विचाराल तर 'कोलंबो'. १९७१ पासूनची सिरीज, पण रात्री बघायला याच्यासारखं काही नाही, कारण खून कोणी केला ते बहुतेक वेळा सुरुवातीलाच दाखवून टाकतात, गंमत फक्त हा चुरगळलेल्या रेनकोटातला डिटेक्टिव्ह खुन्याला पकडतो कसा याची. दारापर्यंत जातो, आता गेला म्हणून खुनी सुस्कारा सोडतो, आणि हा परत फिरतो, अजून एक विचारायचं राहिलं म्हणून. प्रकरण त्याच रात्री मिटतं. हसायचं असेल तर 'फॉल्टी टॉवर्स'. सहा एपिसोड १९७५ चे, सहा १९७९ चे, बास, बाराच, जागून जागून किती जागणार.

प्रश्न: मी 'फ्रेंड्स' चौथ्यांदा बघतोय. नवीन एवढं येतंय आणि तू तेच काय बघतोस म्हणून मित्र हसतात.

उत्तर: हसू द्या. २३६ एपिसोड चार वेळा म्हणजे तुमचा पेशन्स त्यांच्यापेक्षा जास्त आहे. दमून आल्यावर नवीन माणसांची नावं, कोण कोणाची बहीण हे सगळं लक्षात ठेवायचं जिवावर येतं, त्यापेक्षा ओळखीच्या घरात जाऊन बसलेलं बरं. फक्त या वेळी एक करा, जो बोलतोय त्याच्याकडे बघू नका, सोफ्यावर गप्प बसलेल्याकडे बघा. त्याचं तोंड काय काय करतं ते पहिल्या तीन वेळेला तुमच्या नजरेतून सुटलेलं असणार. (मला पण हे तिसऱ्यांदा बघताना कळलं, बोला.)

प्रश्न: नवीन मोठा टीव्ही घेतला पण त्यावर सिनेमे डेली सोपसारखे दिसतात, फार गुळगुळीत. बाबा म्हणतात जुनाच बरा होता. टीव्ही खराब आहे का?

उत्तर: खराब नाही, जास्तच उत्साही आहे. सिनेमा सहसा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने तयार करून भरतो, म्हणून ते तसं दिसतं. पिक्चर सेटिंगमध्ये मोशन असं काहीतरी लिहिलेलं सापडेल, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, ते ऑफ करा. बाबांना न सांगता करा आणि बघा ओळखतात का.