टॉप-अप काढून आणखी तीन फ्लॅट घ्यावेत का? (नाशिक)

प्रश्न असा आहे: पगार 95 हजार, बायकोचा 60 हजार. पाथर्डी फाट्याला दोन फ्लॅट आधीच कर्जावर आहेत. त्यांच्या किमती वाढल्यात म्हणून टॉप-अप (त्याच घरांवर वाढीव कर्ज) काढायचा, त्यातून डाउन पेमेंट भरून कुंभमेळ्याच्या आत 45-45 लाखांचे आणखी तीन घ्यायचे आणि पाच वर्षांत दहाचा पोर्टफोलिओ करायचा. यात जोखीम कितपत?

घेऊ नका. उत्तर संपलं. पण हा प्रश्न शब्दाला शब्द आमच्या साडूंचा आहे, त्यामुळे बाकीचं लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी तुमचा हिशोब. 45 लाखांच्या फ्लॅटला बँक 80 टक्के देते, म्हणजे 36 लाख. 8 टक्के, वीस वर्षं, हप्ता साधारण 30 हजार. त्या पट्ट्यात टू बीएचकेला भाडं येतं 14 हजार, त्यातून मेन्टेनन्स, घरपट्टी, मधला रिकामा महिना आणि एजंटची दलाली वजा करा, हातात साडेअकरा-बारा राहतात. एका फ्लॅटमागे 18 हजार खिशातून. आधीचे दोनही असेच धरले तर पाच फ्लॅटचे 90 हजार, तुमचा पगार इथेच संपला. शिवाय तीन फ्लॅटचं मार्जिन (आपण भरायचा 20 टक्के हिस्सा) 27 लाख आणि मुद्रांक, नोंदणी वगैरे धरून आणखी 9, असा 36 लाखांचा टॉप-अप मिळाला असं समजू. पंधरा वर्षं, 9 टक्के, त्याचा हप्ता साडेछत्तीस हजार. दोघांचे पगार मिळून 1 लाख 55 हजार, त्यातले 1 लाख 26 हजार गेले. उरलेल्या 29 हजारांत घर चालवा.

एक बँक एवढं देणार नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. म्हणून लोक एकाच महिन्यात तीन ठिकाणी फाइल टाकतात, पहिलं कर्ज सिबिलवर (कर्जांच्या नोंदींच्या अहवालात) दिसायच्या आत दुसरं मंजूर करून घेतात. तुमचा एजंट हेच सुचवत असेल तर त्याचं कमिशन कर्जवाटपाच्या दिवशी मिळतं, तुमचा हप्ता पुढची वीस वर्षं जातो, एवढं लक्षात ठेवा.

आता साडू. दिंडोरी रोडला खते-औषधांचं दुकान, द्राक्षवाल्यांशी जुना व्यवहार, माणूस कष्टाळू, त्यात वाद नाही. 2020 च्या सप्टेंबरपासून 2021 च्या मार्चपर्यंत सरकारने मुद्रांक शुल्क कमी केलं होतं आणि गृहकर्ज पावणेसात टक्क्यांना मिळत होतं. त्यात 2021 च्या बजेटमध्ये नाशिकच्या निओ मेट्रोला 2,092 कोटी जाहीर झाले. साडूंनी मेट्रोचा नकाशा मोबाइलमध्ये ठेवला होता आणि जेवायला बसल्यावरही दाखवायचे, इथे स्टेशन, इथे आपले फ्लॅट. त्या मेट्रोचा एक खांब उभा राहिलेला मी तरी अजून पाहिला नाही. बिल्डरने 'चार घेतले तर दर कमी' म्हटल्यावर एकाच सोसायटीत चार घेतले, पाचवा गंगापूर रोडला. मार्जिन सगळं टॉप-अप, सोनेतारण आणि दुकानाच्या ओडीतून (ओव्हरड्राफ्टमधून). याची टोपी त्याला. स्वतःचा असा रुपया त्यात जवळपास नव्हताच.

मी अंबडला लहानसं मशीन शॉप चालवतो. त्यांचं मला ठरलेलं वाक्य होतं, "दुसऱ्याच्या पैशावर मोठं व्हायचं असतं, राव. तुम्ही लेथवरच राहणार." हे सासुरवाडीत, सगळ्यांसमोर. माझ्याकडेही कर्ज होतं आणि आहे, मशीनवर. मशीन चाललं की स्वतःचा हप्ता स्वतः काढतं, वर कामगारांचा पगार काढतं. फ्लॅट 14 हजार काढतो आणि 30 हजार मागतो. हा फरक मी त्यांना सांगितला की ते म्हणायचे, "ॲप्रिसिएशन धरा ना." धरतो. पण ॲप्रिसिएशनने दर महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता जात नाही.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) 4 वरून 6.5 वर नेला. साडूंची सगळी कर्जं रेपोला जोडलेली, 6.75 चं 9.25 झालं. 40 लाखांच्या कर्जाला हप्ता होता 30,400. दोन वर्षं नियमित भरून मुद्दल फिटलं होतं जेमतेम दोन लाख. नव्या दराने उरलेल्या 38 लाखांचं नुसतं व्याजच महिन्याला 29 हजारांच्या वर. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात हजार-अकराशे जाणार आणि मुदत चाळीस वर्षांपर्यंत लांबणार. बँक ते कशाला करेल? हप्ता 36 हजारांवर गेला. अशी पाच कर्जं धरली की महिन्याला 28 हजारांचा नवा खड्डा पडला, आणि एकाही भाडेकरूने भाडं वाढवून दिलं नाही. उलट त्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि मेन्टेनन्स वाढला.

त्यावर 2023 च्या नोव्हेंबरअखेर निफाडकडे गारपीट झाली, डिसेंबरात कांद्याची निर्यातबंदी आली, आणि दुकानाची उधारी अडकली. शेतकरी पैसे बुडवत नव्हता, त्याच्याकडे नव्हतेच. कर्जावर पोर्टफोलिओ उभा करणाऱ्याच्या हिशोबात हे कधीच नसतं, की कमाई आटण्याची, भाडेकरू जाण्याची आणि गिऱ्हाईक न मिळण्याची वेळ एकच असते. तुमच्याच बाबतीत बघा. भाडेकरू अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले. तुम्ही नोकरी कुठे करता ते लिहिलेलं नाही, पण तीही त्याच पट्ट्यातली असेल तर औद्योगिक मंदी आली की पगार आणि भाडी एकाच वेळी डळमळणार.

"अडचण आली तर एक विकून टाकू," असं तुम्ही लिहिलंय. साडूही म्हणायचे. विकायला काढले तेव्हा त्याच बिल्डरचा दुसरा फेज शेजारीच सुरू होता. कोरा फ्लॅट, तोच भाव, वर मॉड्युलर किचन. वापरलेला कोण घेणार? त्यातून एकाच सोसायटीत एकाच मालकाचे चार विक्रीला आहेत हे एजंटांना कळलं की भाव तेच पाडतात. आणि कर्जाचा फ्लॅट विकताना मूळ कागद बँकेत, घेणाऱ्याची बँक तुमच्या बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र मागणार, दोन्हीकडचे वकील. यात महिने जातात आणि त्या महिन्यांचे हप्तेही तुमचेच.

प्रश्नात नाही ते आता सांगतो.

फ्लॅटचे हप्ते भरायला साडूंनी एका पतसंस्थेचं कर्ज काढलं, महाग व्याजाचं. तिला दोन जामीनदार हवे होते. दिवाळीच्या पाडव्याला नाशिकरोडला सासूबाईंकडे जेवणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला. जिथे जिथे सही करायची तिथे पेन्सिलने बारीक फुल्या मारून आणलेल्या. रकमेची जागा कोरी. मी विचारलं, किती? "ते साहेब भरतील." मी पेन परत दिलं. सासूबाई म्हणाल्या, "घरचाच माणूस आहे ना हो, परका आहे का?" साडू काही बोलले नाहीत, फॉर्म घडी घालून ठेवला, आणि भाऊबीजेला ते कुटुंब आमच्याकडे आलं नाही. मला कोत्या मनाचा म्हणायला तेव्हापासून सुरुवात झाली. हिच्या माहेरी अजून संपलेली नाही.

त्या फुल्यांवर शेवटी माझ्या जागी त्यांच्या मावसभावाने सही केली, शाळेत शिक्षक आहेत. करार कायदा 1872 सालचा आहे, त्यातलं 128 वं कलम सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याला धरा, मग मला, असं म्हणायची सोय त्यात नाही. संस्थेने 101 चा दाखला (सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खालचा वसुलीचा दाखला) घेतला आणि त्या मास्तरांच्या पगारातून कपात सुरू झाली. फ्लॅट त्यांनी आतून पाहिलेलेही नव्हते. पण सासुरवाडीत कोता मी.

बँकेचं वेगळंच. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत वर्गात, मग सरफेसी कायद्याची (तारण घर बँकेला कोर्टात न जाता विकू देणारा कायदा) साठ दिवसांची नोटीस, मग ताबा. ताबा नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. साडूंची मी सकाळी चहा घेताना वाचली. कर्जदाराचं नाव, सहकर्जदार म्हणून मेहुणीचं नाव, थकलेली रक्कम पैशापर्यंत, आणि खाली चतुःसीमा: पूर्वेस जिना, पश्चिमेस मोकळी जागा, दक्षिणेस त्यांचाच दुसरा फ्लॅट. मेहुणीला नोटीस येऊन गेल्याचं पेपर बघेपर्यंत माहीत नव्हतं. पाकिटं दुकानाच्या पत्त्यावर जात होती.

टॅक्स वाचतो असं कोणी सांगत असेल तर त्याला विचारा, जुन्या करपद्धतीत की नव्या. जुन्या पद्धतीत घराचा तोटा (भाड्यापेक्षा व्याज जितकं जास्त तो) पगारातून वर्षाला 2 लाखांपर्यंतच वजा होतो, बाकीचा पुढे ओढायचा. नव्या पद्धतीत पगारातून काहीच वजा होत नाही. तुमचं पाच कर्जांचं व्याज वर्षाला 14-15 लाख होईल, भाडी वजा करूनही तोटा चांगलाच राहतो. करा हिशोब. आणि कुंभ. 2015 च्या आधीही सगळे हेच म्हणत होते. पर्वणीला येणारे लोक धर्मशाळेत आणि हॉटेलात उतरतात, पाथर्डी फाट्याला अकरा महिन्यांचा करार करत नाहीत.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. 2025 पासून दर उतरले आहेत, साडूंची वेळ वाईट होती हे खरं. ते रस्त्यावर आलेले नाहीत. सोसायटीतले चारही गेले, दोन लिलावात आणि दोन पडत्या भावात, पण गंगापूर रोडचा राहिला आणि त्याची किंमत चांगली वाढली आहे. त्यांनी तो एकच घेतला असता तर आज मीच त्यांचं कौतुक करत असतो. ज्याच्याकडे निम्मे पैसे रोख आहेत, त्याने एखादं दुकान भाड्यासाठी कर्जावर घेतलं तर मी काही म्हणणार नाही, दुकानाला भाडं बरं येतं. तुम्हालाही दोन आहेत ते ठेवा, टॉप-अप विसरा, जादा पैसे एका कर्जाच्या मुद्दलात भरा. व्यक्तीला दिलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही.

आणि हे सगळं वाचूनही घ्यायचेच असतील तर बायकोला वरचा हिशोब कागदावर मांडून दाखवा, दोन फ्लॅटचं भाडं सहा महिने बंद धरून. तुमच्या प्रश्नात तिचा पगार आहे, तिचं मत कुठे दिसलं नाही. सहकर्जदार म्हणून तिने सही केली की कर्ज तिच्या नावावर निम्मं येत नाही, पूर्ण येतं.