'योगा', योग आणि बैलाच्या मानेवरचं जू

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एक वाचक बाई विचारतात : "सकाळी बागेत आम्ही काही जणी जमतो. सून शेजारणीला सांगते, 'आई योगा करून राहिल्या.' आमचे गुरुजी म्हणतात, योगा नाही, योग म्हणा. तर योग म्हणजे नेमकं काय, तो कशासाठी, त्याने फायदा काय होतो, आणि सूर्यनमस्कार त्यात धरायचे की नाही?"

आधी सुनेची बाजू घेतो. 'करून राहिल्या' हे आपलं नागपुरी बोलणं आहे, त्याला कोणी नाक मुरडू नये. खटकतो तो 'योगा'. रोमन लिपीत योग लिहिताना शेवटी एक 'ए' येतो. परदेशी माणूस तो वाचतो आणि 'योगा' म्हणतो, त्याचं मी समजू शकतो. पण नागपुरातल्या महाल नाहीतर धंतोली भागात जन्मलेल्या माणसाने आपल्याच घरातला शब्द इंग्रजी पाटीवरून उचलावा? 'बुद्धा', 'अशोका', 'कर्मा' ही सगळी त्याच पाटीची पिलावळ. 2015 पासून दर 21 जूनला योग दिवस साजरा होतो आणि त्या दिवशी माइकवरून इतक्यांदा 'योगा' ऐकू येतं की मैदान सोडून जावंसं वाटतं.

"भाषा वाहती असते, चालू द्या," असं म्हणणाऱ्यांनी व्याकरण तरी बघावं. मराठीत आकारान्त पुल्लिंगी नाम विभक्तीत बदलतं : घोडा-घोड्याला, ओटा-ओट्यावर. त्या चालीने 'योगा'चं 'योग्याला' व्हायला हवं, आणि ते तर 'योगी'चं रूप आहे! बोलताना सगळे 'योगाला जाते', 'योगाचा क्लास' असंच म्हणतात. ही रूपं 'योग'ची आहेत. 'पिझ्झा-पिझ्झाला' असा दाखला कोणी देईल, पण पिझ्झा बाहेरून आला. योगाला मराठीत सोयरे भरपूर आहेत. 'बघण्याजोगा'तला 'जोगा' म्हणजे योग्य, 'जोगवा' आणि 'जोगतीण' योगी-योगिनीच्या घरातल्या, जुळी भावंडं 'युगल'मधून आलेली. योगायोग, योगक्षेम, लग्नाचा योग हे तर सगळ्यांच्या तोंडी आहेत, त्यात वेळ घालवत नाही.

आता माझ्या आवडीची गोष्ट. 'योग' ज्या युज् धातूपासून आला, त्याच धातूचा 'युग' म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. युगम्, मग प्राकृतात जुअं, मग मराठीत जू. लॅटिनमध्ये तेच 'युगुम', इंग्रजीत 'योक'. जुवाला बैलाची मान बांधतात ते जोतं म्हणजे संस्कृतातलं योक्त्र. ऋग्वेदाच्या काळापासून 'योग' या शब्दात जुंपणं आहे. ऋषींनी ध्यानासाठी शब्द निवडला तो गोठ्यातून, हे मला फार मोलाचं वाटतं.

कठोपनिषद उघडून बघा. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. ज्याचं मन 'युक्त' आहे त्याची इंद्रियं चांगल्या घोड्यांसारखी ताब्यात राहतात, असं तिथे म्हटलं आहे. युक्त म्हणजे जुंपलेलं. त्याच उपनिषदात पुढे योगाची व्याख्या येते : 'तां योगमिति मन्यन्ते स्थिरामिन्द्रियधारणाम्'. इंद्रियं स्थिर धरून ठेवणं, तो योग.

त्यामुळे प्रत्येक शिबिराच्या उद्घाटनात 'योग म्हणजे जोड, जीवाशिवाचं मिलन' हे जे ठरलेलं वाक्य येतं, ते योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलीच्या नावावर खपवू नये. त्याचं सूत्र सरळ आहे : 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः', म्हणजे चित्ताच्या वृत्ती आवरणं, तो योग. या सूत्रांवरचं जुनं विवरण, व्यासभाष्य, पहिल्याच सूत्रावर सांगतं, 'योगः समाधिः'. गीता तर सहाव्या अध्यायात योगाला 'दुःखसंयोगवियोग' म्हणते, म्हणजे दुःखाशी जडलेला संबंध तोडणं! मिलनवाल्यांनी हा श्लोक एकदा तरी भाषणात घ्यावा.

वाचस्पतिमिश्रांशी मात्र माझं भांडण आहे. व्यासभाष्याचं विवरण लिहिताना ते बजावतात की हा 'योग' 'युज समाधौ' म्हणजे समाधी या अर्थाच्या धातूचा, 'युजिर् योगे' म्हणजे जोडणे या धातूचा नव्हे. पतंजलीचा अर्थ सांगण्यापुरतं ते बरोबर आहेत. पण त्यावरून दोन धातूंच्या मध्ये भिंत घालायची आणि जुवाला पलीकडे ढकलायचं, हे मी मानणार नाही. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे धातूंच्या गणवार यादीत, युज् तीनदा येतो : दिवादि गणात समाधी, रुधादि गणात जोडणे, चुरादि गणात संयमन म्हणजे आवरणं. वैयाकरणांनी रूपांच्या सोयीसाठी तीन खाती पाडली. माझं म्हणणं असं की तिन्ही अर्थ एका जुवात आहेत. नवा गोऱ्हा पहिल्यांदा जुंपतात तेव्हा त्याच्या जोडीला वाहता, म्हणजे कामाला सरावलेला बैल देतात. गोऱ्हा बांधाकडे ओढतो, मान झटकतो, मध्येच बसकण मारतो. इथे जोडणं झालं, शिवळांमध्ये, म्हणजे जुवाच्या खुंट्यांमध्ये, मान अडकून आवरणंही झालं. काही दिवसांनी तोच गोऱ्हा हाक न देता नांगराच्या तासातून सरळ चालतो. चित्त ठिकाणावर येणं यापेक्षा वेगळं काय असतं? ज्याला हे पटत नसेल त्याने पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या अंगणात जावं. खांदमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, ऊन पाण्याने शेकतात. जुवाने घासून केस गेलेली, कडक झालेली ती जागा हाताला लागली की 'युज्'चा अर्थ कोशाशिवाय कळतो.

फायदा काय, हा प्रश्न राहिला होता. पतंजलीने आसनाला जेमतेम तीन सूत्रं दिली. पहिलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, आणि तिसऱ्यात फळ सांगितलं : 'ततो द्वन्द्वानभिघातः', म्हणजे थंडी-ऊन, सुख-दुःख अशा जोड्यांचा मार बसेनासा होतो. पंचेचाळीस अंशांच्या गावात याची किंमत सांगायला नको. प्रकृतीचा विचार नंतरच्या हठयोगात जास्त आहे. हठयोगप्रदीपिका हा त्यातला ग्रंथ आसनाचे तीन लाभ देतो : स्थैर्य, आरोग्य, अंगाचा हलकेपणा. कंबरेच्या जुन्या दुखण्याला नियमित आसनांनी आराम पडतो हे आता डॉक्टरही सांगतात. पण मधुमेहाच्या गोळ्या बंद करा म्हणणाऱ्या शिक्षकाकडे पुन्हा जाऊ नका.

आणि नागपूरकराला बरोबर शब्द शोधायला लांब जायचं कारण नाही. रामनगरात जनार्दनस्वामींचं मंडळ आहे, त्याचं नावच 'योगाभ्यासी मंडळ'. स्वामींचा श्लोक इथे घरोघरी पाठ आहे : 'समाधानाय सौख्याय नीरोगत्वाय जीवने । योगमेवाभ्यसेत् प्राज्ञः यथाशक्ति निरन्तरम् ॥' योग कशासाठी, याचं उत्तर पहिल्या ओळीत आहे : समाधान, सौख्य आणि निरोगी जीवन यांसाठी. कसा, ते दुसरीत : झेपेल तेवढा, पण खंड न पाडता. क्रियापदही तिथेच मिळतं, 'अभ्यसेत्', म्हणजे अभ्यास करावा. तेव्हा सुनेने म्हणावं, 'आई योगाभ्यास करून राहिल्या', नाहीतर सरळ 'आसनं करून राहिल्या'. प्राणायाम करतात, ध्यान लावतात, मांडी घालतात, जोर-बैठका काढतात. इतकी नेमकी क्रियापदं हाताशी असताना सगळ्यावर 'योगा करणे' थापायचं कशाला?

सूर्यनमस्कारही 'घालतात', 'करत' नाहीत. हठयोगप्रदीपिकेतल्या आसनांत ते नाहीत. आज घालतात त्या पद्धतीचा प्रसार गेल्या शतकात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हिरिरीने केला, आणि आपल्याकडे ते जोर-बैठकांच्या बरोबरीने तालमीतही घातले जात. म्हणून मी त्यांना व्यायामात धरतो. तुमचे गुरुजी योगात धरत असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका, पण श्वास रोखून घाईने नमस्कार घालायला सांगत असतील तर वाद जरूर घाला.